पेशंटसकट चादर बदलणे

पेशंट म्हणून माझी निवड झाली ती घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून. हे आधीच सांगतो, कारण नंतर आमच्या इमारतीत ज्यानं त्यानं या प्रकरणाचं श्रेय स्वतःकडे ओढून घेतलं आहे, आणि जो खरोखर आडवा झाला होता त्याला कोणी विचारत नाही.

माझ्या मुलीला नर्सच्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिलंच, आणि तेही मोठ्या खासगी हॉस्पिटलचं. फोनवरच्या बाईनं सांगितलं की आधी थोडी प्रश्नोत्तरं होतील, मग एक प्रात्यक्षिक. पेशंट अंथरुणात असताना, त्याला न उठवता, त्याच्या अंगाखालची चादर बदलून दाखवायची. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांना ते किरकोळ काम वाटेल. मी ते हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शेवटच्या आजारात रोज केलं आहे आणि माझी चादर एकदाही सरळ बसली नाही. हिनं मुलीला ते करू दिलं नाही. मुलगी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, पण ही म्हणायची, "तिला जन्मभर परक्यांचं करायचंच आहे, घरात तरी कशाला?" मग मी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचो आणि मुलगी बाहेर पुस्तक घेऊन बसायची.

ही गेल्यावर मुलगी परीक्षा पास झाली आणि घरात बसली. रिकामी बसली नाही, मला पेशंट करून बसली. सकाळी नाडी, संध्याकाळी रक्तदाब, भाजीत मीठ नावापुरतं. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होतो. उभं आयुष्य लोकांच्या जिन्याखालचे आणि मोरीमागचे मीटर वाकून वाचण्यात गेलं, त्यामुळे माझी तब्येत ठणठणीत आहे, पण ऐकतो कोण.

हे सगळं माझ्या मेहुण्याच्या पथ्यावर पडत होतं. त्याचं औषधांचं दुकान आहे. मुलीचा सख्खा मामा म्हणून तिच्या भवितव्यावर आपला मालकी हक्क आहे असं तो धरून चालतो. त्यानं सांगून टाकलं होतं की ही मुलाखत जमली तर ठीक, नाही जमली तर पहिल्या तारखेपासून पोरीनं त्याच्या काउंटरवर बसायचं. खोकल्याच्या बाटल्या पुसायच्या आणि सुट्टे पैसे द्यायचे. आणि ती बसली असती. तिला नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं.

इथेच सगळी गोम होती. आई तिला लाडानं घुमी म्हणायची. मुलीच्या हातात जादू आहे असं तिच्या कॉलेजातल्या शिक्षिका सांगायच्या, पण पुढे लगेच पण यायचा. त्यांच्या धंद्यात नियम असा की पेशंटला हात लावायच्या आधी आपण काय करणार आहोत ते त्याला सांगायचं. पेशंट म्हणजे कपाट नव्हे. आमची घुमी कपाट सरकवावं तशी मुकाट्यानं पेशंट वळवायची. अगदी अलगद वळवायची, पण मुकाट्यानं. दर परीक्षेत तिचे गुण तिथेच कापले गेले होते.

सराव करायचा ठरला. पलंग घरात होताच. लोखंडी, चाकांचा, पायथ्याशी हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर होणारा. हिच्यासाठी घेतलेला. तो पलंग ठेवू नका असं मला इमारतीतल्या प्रत्येकानं सांगून झालं होतं. समोरच्या काकू म्हणत, पलंग दिसतो तोवर मन उदास राहणार. त्यांचं मन, माझं नव्हे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणत, तो एखाद्या संस्थेला द्या आणि त्यावर तिच्या नावाची पट्टी लावा. आमच्या खाली राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणत, चाकांचा पलंग नियमात बसतो का ते पाहावं लागेल. कोणता नियम ते त्यांनाही पाहावंच लागणार होतं. मी पलंग काढला नाही. का काढला नाही ते कोणी विचारलं नाही, आणि सल्ला द्यायला आलेल्या माणसाला आपण होऊन काही सांगू नये हे मी मीटर वाचताना शिकलो होतो.

तर मी त्या पलंगावर आडवा झालो. पहिल्यांदाच. वर छताला पाण्याचा एक मोठा पिवळा डाग होता, हेडमास्तरांच्या मोरीचा. मी पाणीखात्यातला माणूस, आणि हा डाग मी कधी पाहिला नव्हता, कारण त्या खोलीत मी कधी वर बघत नसे. हिला तो दिवसभर दिसत असणार. बोलली असती तर हेडमास्तरांच्या मागे लागून मोरी फोडायला लावली असती. बोलली नाही.

"बाबा, वर काय बघताय? डोळे मिटा. तुम्ही बेशुद्ध आहात," मुलगी म्हणाली, आणि कामाला लागली.

चांगला पेशंट होणं सोपं नसतं. पहिल्या दिवशी मी तिचा हात लागायच्या आधीच कुशीवर वळत होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मदत करू नका." मग मी अंग ताठ धरलं, तर म्हणाली की हा मेलेला माणूस झाला. अंग सैल सोडलं तर काखेत गुदगुल्या झाल्या आणि बेशुद्ध पेशंट खिंकाळला. पण मी नोकरीत एकही मीटर अंदाजानं लिहिला नव्हता, तेव्हा हेही मन लावून शिकलो. कूस बदलताना वरचा पाय कसा ओघळू द्यायचा, मान कशी मागे राहू द्यायची, सगळं. दुसऱ्या दिवशी मी इतका सुरेख बेशुद्ध पडत होतो की मुलीनं दोनदा नाडी पाहिली. ती बोलत मात्र नव्हती. मी डोळे मिटूनच ओरडायचो, "अगं सांग काहीतरी पेशंटला." ती म्हणायची, "तुम्हाला माहीत आहे की मी काय करणार ते." झालं, संपलं संभाषण.

तिसऱ्या दिवशी उकडत होतं म्हणून दार उघडं टाकलं. उघडं दार समोरच्या काकूंना आमंत्रणासारखं वाटतं. त्या थेट आतल्या खोलीपर्यंत आल्या. मी डोळे मिटून आणि तोंड अर्धवट उघडं टाकून पडलो होतो. तोंड उघडं ही माझी स्वतःची भर. मुलीनं मला भिंतीकडे वळवलं होतं आणि पाठीमागे जुन्या चादरीची गुंडाळी करत होती. काकूंनी घाबऱ्याघुबऱ्या विचारलं की बाबांना काय झालं. मुलीचं सगळं लक्ष गुंडाळीत. ती म्हणाली, "बेशुद्ध आहेत."

वर्षभरात काकूंशी ती बोलली ती एवढंच. मी डोळे उघडायला हवे होते हे मान्य. पण चादर नेमकी माझ्या अंगाखाली निम्मी जुनी आणि निम्मी नवी होती. अशा वेळी हललो असतो तर सगळी मेहनत वाया गेली असती. चादर सरळ झाली आणि मी डोळे उघडले तोवर काकू गेल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर माझी अब्रूही.

संध्याकाळपर्यंत मला अर्धांगवायू झाला होता. इमारतीनं तसं ठरवलं होतं. मी स्वतः चालत समोर काकूंच्या दारात गेलो, बेल वाजवली आणि सांगितलं की मी धडधाकट आहे. काकूंनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "असं होतं हो. माझ्या दिरांनाही आदल्या दिवशी अशीच एकदम तरतरी आली होती." मी दोन्ही हात वर करून दाखवले. तोवर चार माणसं जमली होती. ती माझ्या हातांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. आता माझं तोंड मुळातच डावीकडे जरासं वाकडं आहे. लग्नाच्या फोटोतही वाकडंच आहे, आणि हिनं ते बघून हो म्हटलं होतं. पण त्या घोळक्याला हवा होता तो पुरावा मिळाला. त्यांनी मला उचलून घरी आणून सोडलं. उचलून. मी वाटेत बोलत होतो, आणि एकजण दुसऱ्याला सांगत होता की अजून बोलता येतंय हे नशीब.

मग रांग लागली. भेटायला आलेली माणसं माझ्या उशाशी बसून माझ्याबद्दल एकमेकांशी बोलत. हिच्या वेळी यातली अर्धी फिरकली नव्हती. तेव्हा आजार खरा होता आणि लांबला होता, आणि लांबलेल्या आजाराला माणसं कंटाळतात. ताजा झटका बघायला मात्र सवड मिळते. मी दर पाहुण्याला खरं कारण सांगत होतो, मुलाखत, प्रात्यक्षिक, चादर, आणि ते मुलीकडे बघून मान हलवत होते, की पोरगी बिचारी काय काय ऐकून घेते आहे.

मुलाखत आहे हे मात्र त्यांना पटलं, आणि ते जास्त वाईट झालं, कारण आता सगळे शिकवायला बसले. मुलगी पेशंटशी बोलत नाही हे कळल्यावर हेडमास्तरांनी घरी जाऊन तिच्यासाठी एक वाक्य तयार करून आणलं. "आदरणीय रुग्ण महोदय, आपली अनुमती असल्यास मी आपणांस वाम कुशीवर वळवू इच्छिते." हे वाक्य पुरं होईपर्यंत पेशंट एक तर बरा होऊन घरी जाईल नाही तर दुसरीकडे जाईल असं मी म्हणालो. ते रागावले नाहीत. आजारी माणसावर रागवायचं नसतं, असं मुलीला म्हणाले. मग पेशंटची मान किती उंच असावी हे दाखवायला त्यांनी पायथ्याचं हँडल हातात घेतलं आणि दमदारपणे उलटं फिरवलं. आत काहीतरी खटकलं. डोकंही वर आलं, पायही वर आले, आणि मी मधोमध घडी होऊन अडकलो. माझे गुडघे माझ्या नाकाशी होते आणि हेडमास्तर गुडघ्यांपलीकडून वाम शब्दाची व्युत्पत्ती सांगत होते. मुलीनं माझा जुना मीटरचा पाना आणून मला सोडवलं. मुकाट्यानंच.

काकूंचं म्हणणं निराळं होतं. त्या म्हणाल्या, पेशंटला लाडानं बोलवावं, राजा म्हणावं, सोन्या म्हणावं. मुलीनं आज्ञाधारकपणे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राजा." त्यानंतर आम्ही दोघं जेवणापर्यंत एकमेकांकडे पाहू शकलो नाही.

मामा आला, त्यानं हे सगळं पाहिलं आणि खूश झाला. म्हणाला, "कशाला एवढा खटाटोप, भाऊजी? माझ्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही. चिठ्ठी घ्यायची, बाटली द्यायची." मुलगी त्याला पाणी देऊन आत गेली. आतून बाटल्या पुसल्याचा आवाज आला नाही, पण मला ऐकू आला.

या सगळ्यांत सेक्रेटरी मागे कसे राहतील. ते गंभीर चेहरा करून आले आणि म्हणाले की काळजीचं कारण नाही, त्यांनी माझ्या पेन्शन कार्यालयात स्वतः जाऊन माझं नाव अंथरुणाला खिळलेल्यांच्या यादीत घातलं आहे. आता हयातीच्या दाखल्यासाठी मला रांगेत उभं राहायला नको, माणूस घरी येऊन मी जिवंत आहे का ते पाहून जाईल. मी म्हणालो, नाव काढा. त्यांनी समजावून सांगितलं की नाव दुसऱ्यानं घातलं तरी चालतं, पण काढायला अर्जदारानं स्वतः कार्यालयात हजर राहावं लागतं, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस हजर राहिला तर त्याची आधीची नोंद खोटी ठरून चौकशी लागते. मी म्हणालो, पण ती खोटीच आहे. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. चौकशीत ते बाहेर येईल."

माणूस आला तो मुलाखतीच्या आदल्या दिवशी. दार मी उघडलं. त्यानं नाव वाचून पेशंट कुठे आहे ते विचारलं. मी म्हणालो, मीच. त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

"तुम्ही झोपलेले पाहिजेत," तो म्हणाला.

मी म्हणालो की मी उभा आहे म्हणजे जिवंत आहेच, तेवढं लिहा आणि जा. तो म्हणाला की त्याला ज्या माणसाची हयात तपासायची आहे तो अंथरुणाला खिळलेला आहे. तसा माणूस घरात नसेल तर त्याला लाभार्थी आढळला नाही असं लिहावं लागेल, आणि मग पेन्शन थांबेल. हे त्यानं रागानं सांगितलं नाही. तो नुसता दमलेला होता. असे बरेच जिवंत लोक त्यानं सकाळपासून पाहिले असावेत. मी आत जाऊन पलंगावर पडलो. माझ्यासारख्या माणसानं, ज्यानं कधी एका युनिटचाही खोटा आकडा लिहिला नाही, त्यानं. मागोमाग तो आत आला, मला निरखून पाहिलं आणि त्याचं समाधान झालं. फोटो काढताना म्हणाला, जरा डोळे मिटलेले बरे दिसतील. मग त्यानं मुलीला विचारलं, "शुद्धीवर असतात का?"

"अधूनमधून," मुलगी म्हणाली.

मी एक डोळा उघडला. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडते आहे, कारण वर्षभर हलले होते ते त्याच कारणानं. पण ती हसत होती.

मुलाखतीला आम्ही मामाच्या गाडीतून गेलो. तो मुद्दाम आला होता. परत येताना वाटेत दुकान दाखवतो म्हणाला, म्हणजे निकाल त्यानं आधीच लावून टाकला होता. हॉस्पिटलच्या फाटकावर रखवालदार प्रत्येकाला विचारत होता की कोणाबरोबर आलात. मी म्हणालो, मुलीबरोबर. त्यानं मला निळी चिठ्ठी दिली. मामाला ते बापांच्या रांगेत उभं राहणं कमीपणाचं वाटलं. हॉस्पिटलला औषधं पुरवायचं कंत्राट मिळवायची त्याची जुनी इच्छा आहे. तो म्हणाला, "मी कोणाबरोबर नाही. मी औषधांचा मोठा व्यापारी आहे." त्याला पांढरी चिठ्ठी मिळाली आणि तो आमच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला.

प्रश्नोत्तरं झाली. मुलगी बाहेर आली. कसं झालं विचारलं तर म्हणाली, ठीक. मग मेट्रन स्वतः बाहेर आल्या. बुटक्या, पिकल्या केसांच्या, आणि एवढ्या हळू बोलणाऱ्या की सगळी खोली गप्प झाली. त्यांची एक पद्धत आहे हे आम्हाला तिथे कळलं, आणि आमच्या इमारतीतल्या एकाही शहाण्याला ती माहीत नव्हती. प्रात्यक्षिकाला त्या वॉर्डातली माणसं घेत नाहीत, कारण ती सरावलेली असतात आणि आपोआप वळतात. मुलींबरोबर जे कोणी आलेलं असतं त्यांनाच त्या झोपवतात. ज्याला काही ठाऊक नाही, जो घाबरतो, असा माणूस त्यांना हवा असतो. फक्त आपला माणूस आपल्याला मिळत नाही, दुसरीचा मिळतो.

माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस ज्या कामात तरबेज झालो होतो ते मी आता दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलीसाठी करणार होतो.

मामाची चिठ्ठी पाहून मेट्रननी विचारलं की तुम्ही कोणाबरोबर. कोणाबरोबर नाही, असं तो हसून म्हणाला आणि कंत्राटाचं काही बोलणार होता. "उत्तम," मेट्रन म्हणाल्या, "मग तुम्ही कोणालाही चालाल," आणि त्यांनी त्याला माझ्या मुलीच्या पलंगाकडे पाठवलं. हा आपला मामा आहे हे मुलीनं सांगितलं नाही. सांगायचं होतं की नाही ते तिचं तिलाच माहीत. मामा बघता बघता बूट काढून आडवा झाला. ज्या बाईकडून कंत्राट हवं आहे तिला नाही कसं म्हणणार?

मी शेजारच्या पलंगावर होतो. मध्ये पडदा. मला मिळालेली मुलगी काटकुळी होती, आणि बोलकी किती, तर मला दम लागला. "काका, आता मी तुम्हाला डावीकडे वळवणार हं, काका, आता हात छातीवर घ्या हं." माझ्या मुलीनं हवा तसा शिकवून तयार केलेला पेशंट तिला फुकटात मिळाला होता. दगड होऊन पडावं असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण सवय वाईट असते. तिचा हात लागला आणि माझा पाय आपोआप सुरेख ओघळला, मान मागे राहिली, आणि मी लोण्यासारखा वळलो. मेट्रन पडद्याच्या कडेनं डोकावून म्हणाल्या, "काका, तुम्ही मदत करू नका."

माझे कान पलीकडे होते. पलीकडून फक्त चादरीचा आवाज येत होता. मुलीचा एक शब्द नाही. मी मनात म्हणत होतो, अगं बोल. हेडमास्तरांचं वाक्य बोल, राजा म्हण, काहीही म्हण. पलंग करकरला. मामा देहानं भरपूर आहे. मग त्याचा आवाज आला, आणि तो व्यापाऱ्याचा नव्हता.

"अगं घुमे, पडतोय मी. या बाजूला कठडा नाहीये."

सगळं थांबलं. मेट्रनच्या पेनचा आवाजही थांबला. आणि मग माझी मुलगी बोलली. हळू, घाई न करता.

"मी धरलंय. खाली बघायचं नाही, माझ्याकडे बघ. तू म्हणशील तेव्हाच वळवते, तोवर नाही. दमानं. हं, आता. बघ, आहेस की नाही पलंगावर? कुठे जाऊ देतेय मी तुला?"

हिला पडायची फार भीती वाटायची. घरच्या पलंगाचाही एका बाजूचा कठडा तुटला होता, आणि मी दुरुस्त करून आणेपर्यंत काय, नंतरही, वळवायची वेळ आली की ही माझी बाही घट्ट धरायची. तेव्हा मी जे बोलायचो ते हे होतं. रोज तेच. दार लावून, हळू आवाजात, कारण ते काही मोठं बोलणं नव्हतं आणि कोणी ऐकावं असंही नव्हतं. बाहेर पोरगी पुस्तक घेऊन बसलेली असायची. मला वाटायचं अभ्यास करते आहे.

माझ्याकडची मुलगी म्हणाली, "काका, आता या बाजूला वळा हं." मी वळलो नाही. "काका, वळा ना." मला वळता येईना. मी मदत करत नव्हतो, नाटकही करत नव्हतो. मी नुसतं वजन होतो. त्या काटकुळ्या पोरीनं शेवटी मला खरोखरच ओढून वळवलं, आणि तोंड भिंतीकडे झालं ते बरं झालं.

दोघींनाही घेतलं. माझ्याकडच्या मुलीला म्हणे शेवटी पेशंट अचानक जड झाला तरी ती डगमगली नाही म्हणून. माझ्या मुलीनं चादरीचा शेवटचा कोपरा खोचला आणि मेट्रनना सांगितलं की ते माझे मामा आहेत. मेट्रन म्हणाल्या, "कळलं मला. घुमे म्हणून ओरडले तेव्हाच. घाबरलेला पेशंट कसा सांभाळायचा हे कॉलेजात शिकवतात, पण असं शिकवत नाहीत. कुठे शिकलीस?"

"घरी," मुलगी म्हणाली.

परतताना गाडी दुकानाकडे वळली नाही. आपण नीट सहकार्य केलं म्हणून जमलं, असं मामानं वाटेत तीनदा सांगितलं. इमारतीत हेडमास्तर म्हणतात की त्यांच्या वाक्यानं काम झालं, काकू म्हणतात लाडानं बोलण्यानं. कंत्राट मामाला मिळालेलं नाही.

मुलगी आता हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहते. सुट्टीच्या दिवशी येते आणि पहिलं काम म्हणजे त्या पलंगाची चादर बदलते, माझ्यासकट. उठू देत नाही. आणि सबंध वेळ बोलत असते, मेट्रन, वॉर्ड, कोण पेशंट काय म्हणाला. कधी कधी मला डोळे मिटून घ्यावे लागतात. हेडमास्तरांनी मोरी दुरुस्त करून घेतली आहे, पण डाग मी रंगवू दिला नाही.

पलंग काढा म्हणून अजूनही लोक सांगतात. त्यांना मी सांगतो की तो काढता येत नाही, सरकारी नोंदीप्रमाणे मी त्याला खिळलेला आहे. दरवर्षी तो दमलेला माणूस येतो. मी दार उघडतो, त्याला पाणी देतो आणि आत जाऊन आडवा होतो. तो मला नीट निरखून पाहतो, मी जिवंत आहे असं लिहितो आणि जातो. पहिल्या वर्षी मी वाद घातला होता. आता हरकत घेत नाही.